पित्ताशयाचा कॅन्सर: जनुकीय बदल, 'हर-टू' तपासणी आणि नवे उपचार

पित्ताशयाच्या कॅन्सरचे निदान झालेले रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक मुंबईहून रिपोर्ट घेऊन आमच्या वरसे-रोहा भागात परत आले की बहुतेक वेळा पहिला प्रश्न फॅमिली डॉक्टरला विचारतात. "डॉक्टर, हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे काय? पॉझिटिव्ह म्हणजे आजार वाढला का?" किंवा "जनुकांची तपासणी करायला सांगितली आहे, खर्च मोठा आहे, करायची का?" मोठ्या रुग्णालयात गर्दी असते आणि सगळे विचारायला वेळ मिळत नाही. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण तज्ज्ञांकडे जाण्याआधी तुम्हाला काय माहीत असावे आणि त्यांना काय विचारावे, हे या लेखात सोप्या भाषेत सांगत आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- पित्ताशयाच्या कॅन्सरमधील बहुतेक जनुकीय बदल फक्त गाठीच्या पेशींत असतात. ते आईवडिलांकडून आलेले नसतात.
- आजार ऑपरेशनच्या टप्प्यात असेल तर ऑपरेशन हाच पूर्ण बरे होण्याचा मार्ग. जनुकांवर आधारित औषधे मुख्यतः पसरलेल्या आजारासाठी आहेत.
- आजच्या घडीला आपल्याकडे सर्वांत उपयोगी पडणारी तपासणी म्हणजे हर-टू. ती साधी आहे आणि बायोप्सीच्या तुकड्यावरच होते.
- ऑपरेशनमध्ये काढलेले पित्ताशय तपासायला पाठवा आणि त्याचा 'ब्लॉक' जपून ठेवा.

जनुकीय बदल म्हणजे नेमके काय?

आपल्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे, बिघाड झाला तर तो कसा दुरुस्त करायचा, याच्या सूचना त्यांत असतात. पेशी नवी तयार होताना या सूचनांची नक्कल होते आणि नक्कल करताना कधीकधी चूक राहून जाते. या चुकीला म्युटेशन किंवा जनुकीय बदल म्हणतात.

पित्ताशयात वर्षानुवर्षे खडे असतील तर आतल्या अस्तराला सतत इजा होते, सूज राहते. अस्तर पुन्हा पुन्हा भरून काढण्यासाठी पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागते आणि चुका साठत जातात. एका चुकीने कॅन्सर होत नाही. अनेक वर्षांत अनेक चुका एकाच पेशीत जमल्या तर ती पेशी ताब्याबाहेर वाढू लागते.

याचा अर्थ खडे असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असा नाही. बहुतेकांना तो कधीच होत नाही. मात्र सोनोग्राफीत ३ सेंटीमीटरपेक्षा मोठा खडा, १ सेंटीमीटरपेक्षा मोठा पॉलिप किंवा पित्ताशयाची भिंत एका बाजूला जाड झालेली दिसली, तर "नंतर बघू" म्हणू नका, सर्जनला दाखवा. कावीळ, वजन घटणे, भूक मरणे, उजव्या बरगडीखाली सतत दुखणे ही लक्षणे असतील तर त्याच आठवड्यात दाखवा. काविळीसाठी झाडपाल्याचे औषध घेत दोन महिने घालवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. या आजारात ते दोन महिने फार मोलाचे असतात.

रिपोर्टमध्ये दिसणारी नावे

जनुकांच्या रिपोर्टमध्ये बरीच इंग्रजी नावे असतात. त्यांतली काही वारंवार दिसतात.

*टीपी५३:* पेशीतला पहारेकरी. जनुकात बिघाड झालेल्या पेशीला थांबवणे हे याचे काम. पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त वेळा बिघडलेले जनुक हेच. यावर थेट काम करणारे औषध नेहमीच्या वापरात आलेले नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये हे नाव दिसले तरी त्यावरून औषध ठरत नाही.

*हर-टू, ज्याचे दुसरे नाव ईआरबीबी२:* पेशीच्या पृष्ठभागावर बसलेले, "वाढ" असा निरोप आत पाठवणारे प्रथिन. काही गाठींत ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होते. स्तनांच्या कॅन्सरमुळे हे नाव अनेकांनी ऐकलेले असेल. यावर औषधे आहेत.

*के-रास:* हा निरोप पेशीच्या आत पुढे नेणारा दुवा. हा बिघडून कायम चालू राहिला तर बाहेरचा निरोप औषधाने बंद करूनही उपयोग होत नाही.

*बी-रॅफ, एनटीआरके, एमएसआय:* हे बदल पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये कमी आढळतात, पण आढळले तर त्यांवर औषध आहे. एमएसआय म्हणजे पेशीची जनुकदुरुस्तीची यंत्रणा निकामी झाल्याची खूण. अशा गाठींवर इम्युनोथेरपी चांगली लागू पडू शकते.

*एफजीएफआर२ आणि आयडीएच१:* इंटरनेटवर 'पित्तमार्गाचा कॅन्सर' शोधले की यांवरच्या गोळ्यांची माहिती येते. हे बदल मुख्यतः यकृतातल्या पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये सापडतात, पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये क्वचित. त्यामुळे ती माहिती वाचून लगेच आशा किंवा निराशा धरू नका.

खारघरमध्ये काय सापडले?

पित्ताशयाचा कॅन्सर युरोप-अमेरिकेत कमी आहे, म्हणून त्यावर तिकडे संशोधनही कमी झाले. आपल्या देशात उत्तरेकडे, गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येकडे तो जास्त आढळतो. महाराष्ट्रात त्यामानाने कमी, पण रुग्ण आहेत. त्यामुळे या आजाराचा अभ्यास भारतातच होणे गरजेचे होते आणि त्यातले महत्त्वाचे काम आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या संशोधन केंद्रात झाले.

तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांच्या सुरुवातीच्या टप्प्यातील पित्ताशयाच्या गाठी तपासल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४४ गाठींपैकी १४ टक्के गाठींत हर-टू जनुकात बदल आढळला. २५ गाठींच्या तपासणीत २४ टक्के गाठींत हे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले होते. हर-टू रोखणारे अफाटिनिब हे औषध प्रयोगशाळेत दिल्यावर गाठीच्या पेशींची वाढ मंदावली. पण के-रासमध्ये एका विशिष्ट प्रकारचा बिघाड असलेल्या गाठींवर तोच परिणाम दिसला नाही. एकाच अवयवाचा कॅन्सर असला तरी प्रत्येकाला एकच औषध लागू पडत नाही, ते का, हे यावरून कळते.

हे प्रयोगशाळेतले काम होते. रुग्णांवर काय परिणाम होतो हे पुढच्या अभ्यासात पाहिले गेले. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातील काही केंद्रांत पित्ताशय व पित्तमार्गाच्या कॅन्सरच्या ८७६ रुग्णांची हर-टू तपासणी झाली. त्यांपैकी ११८, म्हणजे सुमारे १३ टक्के, पॉझिटिव्ह निघाले. ९० रुग्णांना नेहमीच्या केमोथेरपीबरोबर ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूविरोधी इंजेक्शन देण्यात आले. या ९० जणांपैकी ९६ टक्के पित्ताशयाच्या कॅन्सरचेच होते. सहा महिन्यांनी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. ज्यांचा रिपोर्ट 'थ्री प्लस' होता त्यांना जास्त फायदा दिसला. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातली मर्यादाही समजून घ्या. या अभ्यासात फक्त केमोथेरपी घेणारा दुसरा गट तुलनेसाठी नव्हता. पुढे बहुतेकांचा आजार काही महिन्यांनी पुन्हा वाढला. म्हणजे हे औषध आजार मुळापासून घालवत नाही. तो आटोक्यात ठेवून वेळ मिळवून देते. या आजारात असा वेळ पूर्वी फार थोड्यांना मिळत असे.

हर-टू तपासणी कशी होते?

यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही. बायोप्सीत किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा प्रयोगशाळेत मेणात बसवून ठेवतात, त्यालाच ब्लॉक म्हणतात. त्याचा पातळ काप घेऊन त्यावर रंगाची तपासणी करतात, तिचे नाव आयएचसी. रिपोर्ट असा वाचा:

- ० किंवा १ प्लस: हर-टू निगेटिव्ह.
- २ प्लस: नक्की सांगता येत नाही. 'फिश' नावाची पुढची तपासणी करावी लागते.
- ३ प्लस: हर-टू पॉझिटिव्ह.

इथे 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकून घाबरू नका. त्याचा अर्थ आजार पसरला असा नाही. औषधाला लक्ष्य सापडले, असा आहे.

सगळी जनुके एकदम पाहणारी मोठी तपासणी 'एनजीएस' या नावाने ओळखली जाते. तिला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि खर्च बराच जास्त असतो. बायोप्सीचा तुकडा अपुरा असेल तर काही वेळा रक्तातून ही तपासणी करतात.

मोठी तपासणी सगळ्यांनी करावी का?

हा प्रश्न पैशांशी जोडलेला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. एनजीएस करण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "या रिपोर्टमुळे उपचारात काय बदल होऊ शकतो आणि ते औषध आम्हाला मिळू शकेल का?"

ऑपरेशन होऊन आजार पूर्ण निघाला असेल तर एनजीएसची सहसा लगेच गरज नसते. रुग्ण खूप अशक्त असेल, अंथरुणाला खिळलेला असेल, तर रिपोर्ट येईपर्यंत आणि आल्यावरही उपयोग होण्याची शक्यता कमी असते. पसरलेला आजार असलेला, हिंडता-फिरता रुग्ण असेल तर मात्र निदान हर-टू आणि एमएसआय या दोन तपासण्या सुरुवातीलाच करून घेण्याविषयी विचारा. त्या निगेटिव्ह आल्या आणि कुटुंबाला झेपत असेल तर एनजीएसचा विचार करता येतो. गरज नसलेल्या तपासणीसाठी शेत गहाण टाकू नका. आणि गरजेची तपासणी खर्चाच्या भीतीने न विचारताच सोडू नका.

रिपोर्ट येईपर्यंत केमोथेरपी थांबवून ठेवायची नसते. कावीळ असेल तर आधी स्टेंट टाकून पित्ताचा मार्ग मोकळा करतात, मग केमोथेरपी सुरू होते. जनुकांचा रिपोर्ट आल्यावर त्यात औषध वाढवता किंवा बदलता येते.

सध्या कोणते उपचार आहेत?

*केमोथेरपी:* जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन ही जोडी २०१० पासून पसरलेल्या आजाराचा पाया आहे. नवी औषधे बहुधा हिच्या जोडीला किंवा हिच्यानंतर येतात.

*इम्युनोथेरपी:* शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरच्या पेशी ओळखायला मदत करणारी औषधे. ड्युरव्हालुमॅब केमोथेरपीबरोबर दिल्यावर पित्तमार्गाच्या कॅन्सरच्या १०० पैकी सुमारे २५ रुग्ण दोन वर्षांनी हयात होते, नुसत्या केमोथेरपीवर सुमारे १०. हे निष्कर्ष २०२२ चे आहेत. पेंब्रोलिझुमॅबचेही केमोथेरपीबरोबरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. फायदा खरा आहे, पण सगळ्यांना होत नाही आणि औषध महाग आहे.

*हर-टूविरोधी औषधे:* ट्रॅस्टुझुमॅबचे भारतीय बनावटीचे पर्याय २०१४ पासून मिळतात, त्यामुळे ते मूळ औषधापेक्षा स्वस्तात मिळते. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन हे त्याचे पुढचे रूप. यात हर-टूला चिकटणाऱ्या प्रथिनाला केमोथेरपीचे औषध जोडलेले असते आणि ते गाठीपर्यंत पोचवले जाते. आधीचे उपचार थकल्यावर, ३ प्लस रुग्णांत हे वापरतात. झॅनिडाटामॅब हे आणखी एक नवे औषध. त्याच्या अभ्यासात ८० पैकी ३३ रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

*बी-रॅफचा विशिष्ट बदल असेल तर* डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी, *एनटीआरकेचा बदल असेल तर* लॅरोट्रेक्टिनिब. असे रुग्ण थोडे असतात.

दुष्परिणाम: घरी काय लक्ष ठेवावे?

ही औषधे केमोथेरपीपेक्षा वेगळी असली तरी निर्धोक नाहीत. केमोथेरपीच्या दिवसांत १००.४ पेक्षा जास्त ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी रक्ततपासणी लागते.

- ट्रॅस्टुझुमॅब: हृदयाची ताकद कमी होऊ शकते. सुरू करण्यापूर्वी आणि साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको करतात. पायावर सूज, चालताना दम लागणे सांगायला विसरू नका.
- ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन: फुप्फुसांना सूज येऊ शकते. नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर "हवा बदलली" असे समजून थांबू नका, लगेच कळवा.
- इम्युनोथेरपी: जुलाब, अंगावर पुरळ, थायरॉइडचा बिघाड, यकृताला सूज. औषध थांबल्यानंतर काही महिन्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून गावातल्या डॉक्टरांना हे इंजेक्शन घेतल्याचे आवर्जून सांगा.

ऑपरेशन झालेले पित्ताशय टाकून देऊ नका

पित्ताशयाचा कॅन्सर अनेकदा खड्यांच्या साध्या ऑपरेशननंतर अचानक कळतो. दिसायला पित्ताशय ठीक असते, पण सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडतो. तो अगदी वरच्या थरात असेल तर झालेले ऑपरेशन पुरेसे ठरू शकते. थोडा खोल गेला असेल तर यकृताचा लगतचा भाग आणि लसिकाग्रंथी काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन करावे लागते, आणि ते वेळेत झाले तर रुग्ण बरा होण्याची खरी संधी असते.

पण हे कळण्यासाठी पित्ताशय तपासायला जायला हवे. छोट्या गावांत बरणी नातेवाइकांच्या हातात देऊन लॅबमध्ये पोचवायला सांगतात. ती बरणी खड्यांसकट घरी राहिल्याचे किंवा "खडेच होते" म्हणून टाकून दिल्याचे प्रकार होतात. असे करू नका. तुकडा पाण्यात नव्हे, फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला आहे ना, हे विचारा. बरणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये द्या. पंधरा दिवसांनी रिपोर्ट स्वतः जाऊन आणा आणि डॉक्टरांना दाखवा. टाके चांगले भरले म्हणून रिपोर्ट आणायचे राहून जाते.

कॅन्सर निघाला तर लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. हर-टूची तपासणी महिन्यांनंतरही याच ब्लॉकवर होऊ शकते. ब्लॉक उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका, मेण वितळते.

मुलाबाळांना धोका आहे का?

बहुतेक वेळा नाही. हर-टू, टीपी५३, के-रास हे बदल साधारणपणे गाठीत तयार झालेले असतात. ते पुढच्या पिढीत जात नाहीत.

जन्मजात जनुकांचाही थोडा वाटा असतो. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भारतीय रुग्णांच्या अभ्यासातून एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जनुकांच्या भागातील फरकांचा या आजाराशी संबंध दाखवला. एबीसीबी४ पित्तात विशिष्ट स्निग्ध पदार्थ सोडण्याचे काम करते. पण या फरकांमुळे धोका थोडाच बदलतो. त्यासाठी घरातल्यांनी तपासणी करायची गरज नाही.

अपवाद एक. रुग्णाच्या रिपोर्टमध्ये ब्राका जनुकात बदल किंवा एमएसआय आढळले, किंवा घरात कमी वयात स्तन, अंडाशय, आतडे यांचे कॅन्सर झालेले असतील, तर जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारा.

कुठे जावे, काय न्यावे?

रोहा-पेणकडच्या रुग्णांना रेल्वेने पनवेल आणि तिथून हार्बर लोकलने खारघर गाठता येते. परळचे टाटा रुग्णालय आणि खारघरचे केंद्र एकाच संस्थेचे आहेत. कोणत्या ठिकाणी नोंदणी करायची ते आधी चौकशी करून ठरवा. जाताना सोबत ठेवा:

- सोनोग्राफी, सी.टी. स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी
- ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड
- बायोप्सीचा रिपोर्ट, ब्लॉक आणि स्लाइड
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कोणते उपचार आणि औषधे त्यात बसतात हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्यापूर्वी विचारा. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन आणि ड्युरव्हालुमॅब यांवरचे आयात शुल्क जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात माफ झाले आहे. तरीही ही औषधे महागच आहेत, म्हणून रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटा. कंपन्यांच्या मदत योजना आणि चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायल यांची माहितीही विचारा. ट्रायलमध्ये तुमच्या लेखी संमतीशिवाय घेतले जात नाही आणि मधेच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला असतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. आजार कोणत्या टप्प्यात आहे? ऑपरेशन शक्य आहे का, की आधी औषध देऊन मग पाहायचे?
२. हर-टू आणि एमएसआय तपासले का? नसेल तर याच ब्लॉकवर होईल का?
३. रिपोर्टमध्ये सापडलेल्या बदलावर भारतात मिळणारे औषध आहे का?
४. या औषधाने किती रुग्णांना फायदा होतो आणि साधारण किती काळ?
५. एकूण खर्च किती, योजनेत किती बसेल?
६. उपचारांचा फायदा होत नसेल तर वेदना, कावीळ, उलट्या यांसाठी पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार सोडणे नव्हे. ती केमोथेरपीबरोबरच सुरू करता येते, आणि दुखणे कमी झाले की रुग्ण जेवतो, झोपतो, पुढचे उपचारही जास्त चांगले सोसतो.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाचे उपचार त्याचे रिपोर्ट पाहिलेल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवा. चालू औषध स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका.*